व्हॉट्सॲपवरचा फोटो मोठा करून छापताना

घरातील वडीलधारी व्यक्ती अल्लाहच्या रहमतीत जाते. दफन होते, ताजियतीला येणारे-जाणारे थांबतात आणि महिन्याभराने कोणीतरी विषय काढते, "अब्बांचा एक मोठा फोटो करून घेऊ या." काही घरांत माणसांचे फोटो भिंतीवर लावत नाहीत, तिथे तो अल्बममध्ये जपायचा असतो. पण फोटो हवा आणि स्पष्ट हवा, यावर सगळ्यांचे एकमत असते. मग शोधाशोध सुरू होते. कपाटातले दोन अल्बम, पासपोर्ट, बँकेचे पासबुक. शेवटी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या ईदचा एक फोटो सापडतो. टोपी, शेरवानी, चेहऱ्यावर नेहमीचे हसू. सगळे म्हणतात, हाच.

मुलगा तो घेऊन फोटो लॅबमध्ये जातो. लॅबवाला संगणकावर फोटो उघडून विचारतो, "ओरिजिनल आहे का?" मुलगा म्हणतो, "हाच ओरिजिनल." पुढचा बहुतेक घोळ या एका उत्तरातून होतो. मोबाइलच्या पडद्यावर छान दिसणारा फोटो बारा बाय अठरा इंचांत छापला की डोळे धूसर होतात, दाढीचे केस एकमेकांत मिसळून पांढरा पट्टा उरतो आणि गालावर चौकोनी डाग दिसू लागतात. किंवा आजकाल याच्या उलट होते. फोटो कमालीचा स्वच्छ येतो, पण घरातले पाहून गप्प होतात. कारण तो चेहरा अब्बांसारखा दिसतो, पण अब्बांचा वाटत नाही.

हे का होते आणि ते कसे टाळावे, हे समजायला संगणक शिकण्याची गरज नाही. थोडा भागाकार आला तरी पुरे.

ठिपक्यांचा हिशेब

आपल्याकडे दुसुती कापडावर क्रॉस स्टिचने उशीचे अभ्रे भरण्याची पद्धत होती. त्यावरचा गुलाब आठवून पाहा. लांबून तो गुलाब असतो. जवळ गेले की लाल, गुलाबी, हिरव्या टाक्यांचे चौकोन दिसतात. डिजिटल फोटो नेमका तसाच असतो. प्रत्येक टाका म्हणजे एक पिक्सेल, एकाच रंगाचा एक ठिपका. जितके टाके जास्त, तितकी पाकळी रेखीव.

जगातली पहिली डिजिटल प्रतिमा हा एक घरगुतीच फोटो होता. १९५७ साली अमेरिकेच्या 'नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स' या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो स्कॅन करून संगणकात घातला. तो १७६ ठिपके रुंद आणि १७६ ठिपके उंच होता, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. आजच्या फोटोच्या दर्जाने छापला तर तो अंगठ्याच्या नखाएवढाच येईल.

आजच्या साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४००० बाय ३००० ठिपक्यांचा, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा फोटो काढतो. तोच फोटो नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवर पाठवला की ॲप तो आकुंचित करते. समोरच्याकडे पोहोचतो तो बहुधा १६०० बाय १२०० च्या आसपासचा फोटो. म्हणजे एकोणीस लाख वीस हजार ठिपके. दर सहा ठिपक्यांतला जेमतेम एक उरला. बाकीचे पाच वाटेतच गळाले.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. फाइल लहान व्हावी म्हणून फोटो 'जेपेग' या पद्धतीने आवळला जातो. या पद्धतीत फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी करतात. फोटो फार आवळला की हे चौकोन डोळ्यांना दिसू लागतात. गालावरचे ते डाग इथून येतात.

कोकणातल्या कितीतरी घरांतले कमावते हात कुवेत, कतार, दुबईत असतात. ईदचा फोटो इथून तिथे जातो, तिथून फुफीकडे, फुफीकडून मुंबईच्या चाचांकडे. नुसता फॉरवर्ड केल्याने फोटो आणखी बिघडत नाही. पण कोणी तो गॅलरीत उतरवून कापतो, त्यावर 'ईद मुबारक' लिहितो आणि पुन्हा पाठवतो. तेव्हा तो नव्याने आवळला जातो. कोणी स्क्रीनशॉट काढतो. मग फोटोत मोबाइलच्या पडद्याला मावतील तेवढेच ठिपके उरतात. प्रोफाइलवरचा गोल फोटो तर याहूनही लहान असतो.

आता छपाईचा हिशेब. हातात घेऊन पाहायच्या फोटोला एका इंचात ३०० ठिपके असावेत, असा छपाईतला सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणून फोटोच्या दोन्ही बाजूंचे ठिपके ३०० ने भागा. ४००० बाय ३००० चा फोटो तेरा बाय दहा इंचांपर्यंत उत्तम छापता येतो. १६०० बाय १२०० चा फक्त सव्वापाच बाय चार इंच, म्हणजे पोस्टकार्डाएवढा. हा आकडा मोबाइलमध्येच पाहता येतो. गॅलरीत फोटो उघडून 'तपशील' किंवा 'डिटेल्स' पाहा. तिथे दोन संख्या गुणाकाराच्या चिन्हाने जोडून दिलेल्या असतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. "फोटो ७२ डीपीआयचा आहे, त्याचा ३०० डीपीआय करून द्या," असे अनेकजण सांगतात. फाइलवर लिहिलेला तो आकडा बदलला म्हणून फोटोत एकही ठिपका वाढत नाही. पाच मीटर कापडाच्या गठ्ठ्यावर दहा मीटरची चिठ्ठी लावली तरी आत कापड पाच मीटरच राहते. विचारायचे ते एवढेच: रुंदीत ठिपके किती आणि उंचीत किती?

मोठा करणे म्हणजे काय?

समजा उशीवरचा तो गुलाब आता चादरीवर भरायचा आहे. नमुना मात्र उशीचाच आहे. एक मार्ग म्हणजे प्रत्येक टाका चौपट मोठा घ्यायचा. गुलाब मोठा झाला, पण चौकोनही मोठे झाले. दुसरा मार्ग म्हणजे टाके लहानच ठेवायचे आणि दोन जुन्या टाक्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत नवे टाके भरायचे. त्यांचा रंग कोणता? एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला पांढरा असेल तर मध्ये गुलाबी.

संगणक वर्षानुवर्षे हेच करत आला आहे. सर्वांत साध्या पद्धतीत शेजारचा ठिपकाच पुन्हा छापला जातो. त्याहून बऱ्या पद्धतीत भोवतालच्या चार ठिपक्यांची सरासरी काढतात. 'बायक्युबिक' पद्धतीत भोवतालचे सोळा ठिपके पाहून मधला रंग ठरतो. १९८१ मध्ये रॉबर्ट कीज यांनी या गणिताची एक रीत मांडली आणि आजही फोटोच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत असते.

या पद्धतींचा गुण असा की त्या प्रामाणिक असतात. जे नाही ते आणत नाहीत. दोन केसांच्या मध्ये काय होते हे ठाऊक नसेल तर तिथे मऊ, धूसर रंग देतात. म्हणून फोटो मोठा होतो, चौकोन नाहीसे होतात, पण नवा तपशील येत नाही. कॅमेऱ्याने टिपलेली आणि नंतर गळून गेलेली पापणी कोणत्याही गणिताने परत मिळत नाही. तिचा अंदाज तेवढा बांधता येतो. पुढचा सगळा विषय या अंदाजाचा आहे.

आधी मूळ फोटो शोधा

मोठे करण्याच्या कोणत्याही युक्तीपेक्षा मूळ फाइल मिळवणे कधीही चांगले. आणि ती बहुतेक वेळा कुठेतरी असते. दोन दिवस त्यासाठी द्यावेत.

पहिला प्रश्न: फोटो कोणी काढला? ज्याच्या मोबाइलने काढला त्याच्याकडे मूळ फाइल असण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्याला तो फोटो पुन्हा मागा, पण "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असे सांगा. व्हॉट्सॲपमध्ये जोडणीच्या खुणेवर गेल्यावर 'गॅलरी'ऐवजी 'डॉक्युमेंट' निवडले की फाइल जशीच्या तशी येते. २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्ये 'एचडी' पाठवण्याची सोयही आहे. ती साध्या पद्धतीपेक्षा बरी. तरी छपाईसाठी डॉक्युमेंटच मागावे. ईमेलने जोडून पाठवली तरी चालते.

मोबाइल बदलला असेल तर गूगल फोटोजमध्ये पाहा. १ जून २०२१ पर्यंत तिथे १६ मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो मोफत आणि अमर्याद साठत होते. त्यामुळे कितीतरी लोकांच्या खात्यात त्यांना आठवतही नसलेले फोटो पडून आहेत, आणि ते व्हॉट्सॲपच्या प्रतीपेक्षा खूपच मोठे आहेत. जुना मोबाइल कपाटात असेल तर तो चार्जिंगला लावून पाहा. त्यातले मेमरी कार्ड, निकाहच्या वेळी स्टुडिओने दिलेली सीडी, भाच्याचा जुना लॅपटॉप, हेही तपासा.

फोटो कागदावरचा असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढून पाठवू नका. काचेची चमक, हाताची सावली आणि वाकडा कोन हे सगळे त्यात उतरते. मूळ फोटो फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करून घ्या. साध्या आकाराच्या फोटोला इंचाला ६०० ठिपके पुरतात. पासपोर्ट आकाराच्या फोटोला १२०० ठेवा. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरच्या फोटोतून मग सुमारे १६५० बाय २१२५ ठिपके मिळतात आणि त्यातून पाच बाय सात इंचांचा फोटो नीट होतो. ज्या दादी-नानींनी आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर यायचे टाळले, त्यांचा हजच्या किंवा उमऱ्याच्या पासपोर्टसाठी काढलेला फोटो हाच पुष्कळदा एकमेव फोटो असतो. त्याची एखादी जास्तीची प्रत कुठल्या तरी पाकिटात सापडू शकते.

अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. पान तसेच स्कॅनरवर ठेवा. आणि निगेटिव्ह सापडली तर ती फोटोपेक्षाही मोलाची. नेहमीच्या रोलची निगेटिव्ह ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. फिल्म स्कॅनरवर इंचाला २४०० ठिपक्यांनी स्कॅन केली तरी सुमारे ३४०० बाय २२७० ठिपके हाती येतात.

किती अंतरावरून पाहणार?

शोधूनही मूळ फाइल मिळाली नाही, तर निराश होण्याआधी एक गोष्ट विचारात घ्या. ३०० ठिपक्यांचा नियम हातात धरून पाहायच्या फोटोचा आहे. डोळ्याचीही एक मर्यादा असते. एका फुटावरून निरोगी डोळ्याला इंचाला साधारण २८५ पर्यंत ठिपके वेगळे दिसतात, तीन फुटांवरून ९५, सहा फुटांवरून ४८. अंतर दुप्पट झाले की लागणारे ठिपके निम्मे होतात.

म्हणून दिवाणखान्यात सोफ्याच्या वर, चार-पाच फुटांवरून पाहायच्या बारा बाय अठराच्या फ्रेमला १६०० ठिपक्यांचा फोटो अगदीच टाकाऊ नसतो. त्यात इंचाला ८९ ठिपके पडतात. चौकोनी डाग हलक्या हाताने घालवले आणि चमकदार कागदाऐवजी मॅट कागद घेतला तर फोटो बरा दिसतो. शाळेच्या किंवा इज्तेमाच्या फ्लेक्सचेही असेच. दहा फूट रुंद फ्लेक्स वीस फुटांवरून पाहिला जातो; त्याला इंचाला ३० ठिपकेही पुष्कळ होतात.

खरी अडचण गट-फोटोत येते. निकाहच्या फोटोत वीस माणसे आहेत आणि दादी कोपऱ्यात बसली आहे. फोटो १६०० ठिपके रुंद असला तरी दादीचा चेहरा सत्तर-ऐंशी ठिपक्यांचाच असतो. तो कापून सहा इंच रुंद केला तर इंचाला बारा-तेरा ठिपके येतात. लॅबवाला कितीही कसबी असला तरी यातून चेहरा निघणार नाही. अशा वेळी दादीला त्या फोटोतून कापून काढू नये. सगळा गट-फोटोच आठ बाय सहा किंवा आठ बाय दहा इंचांत छापावा, मागे प्रत्येकाचे नाव लिहावे. दादी लहान दिसेल, पण ती स्वतः असेल; सुना-नातवंडांच्या घोळक्यात, जशी ती होती.

यंत्राचा अंदाज आणि परका चेहरा

आता लॅबवाला किंवा घरातला तरुण म्हणेल, "काळजी नको, एआयने करून देतो." हा मार्ग समजून घेतला पाहिजे, कारण तो उपयोगी आहे आणि फसवाही आहे.

२०१४ च्या सुमारास संशोधकांनी फोटो मोठे करण्यासाठी शिकणारे संगणकी जाळे वापरायला सुरुवात केली. त्याची कल्पना अशी: असंख्य मोठे, स्वच्छ फोटो घ्यायचे, ते मुद्दाम लहान करायचे आणि लहान-मोठ्या जोड्या यंत्राला दाखवायच्या. धूसर पट्ट्याच्या जागी मूळ फोटोत केस होते, धूसर काळ्या डागाच्या जागी डोळ्याची बाहुली होती, हे ते शिकत जाते. मग नव्या धूसर फोटोत ते तसेच केस, तशीच बाहुली भरते. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने मार्च २०२१ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय दिली. त्यात फोटोची प्रत्येक बाजू दुप्पट होते. 'अपस्केल' नावाचे मोफत सॉफ्टवेअरही संगणकावर मिळते.

डोंगर, समुद्र, इमारत, झाडे, कपड्यांचा पोत यांसाठी हे छान काम करते. एखादे पान जागचे थोडे हलले तरी कोणाचे काही बिघडत नाही. चेहऱ्याचे तसे नाही. यंत्राने आपले अब्बा कधी पाहिलेले नसतात. त्याने पाहिलेले असतात हजारो दुसरे चेहरे. ते भरते ते डोळे त्या हजारोंचे असतात.

याचा गाजलेला दाखला २०२० चा आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 'पल्स' नावाची पद्धत जाहीर केली. ठिपक्याठिपक्यांच्या धूसर चेहऱ्यावरून ती स्वच्छ चेहरा तयार करत असे. लोकांनी तिला बराक ओबामा यांचा मुद्दाम धूसर केलेला फोटो दिला. बाहेर आला तो एका गोऱ्या माणसाचा चेहरा. ही पद्धत कोणाला ओळखण्यासाठी नाही, ती नवे काल्पनिक चेहरे बनवते, हे संशोधकांनी आधीच सांगितले होते. पण आपण घरी फोटो मोठा करतो तेव्हा ही सूचना वाचायला कोण बसतो?

मोबाइलवरच्या मोफत ॲपमध्ये तर यंत्र बहुधा चेहरा 'सुंदर'ही करते. सुरकुत्या पुसते, त्वचा तुकतुकीत करते, रंग उजळते, दात सरळ करते. सत्तर वर्षांच्या नानी पन्नाशीच्या दिसू लागतात. कपाळावरची नमाजाची खूण डाग समजून पुसली जाते. हनुवटीवरचा तीळ जातो.

हे किरकोळ वाटेल. पण ज्या नातवाने आपल्या दादाला पाहिलेलेच नाही, त्याच्यासाठी तो फोटो हाच दादा असतो. मोठा होऊन तो सांगेल, "माझे दादा असे दिसायचे." आपण त्याच्या हाती नेमके काय देतो आहोत, हे छापण्याआधी ठरवले पाहिजे.

यासाठी चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, यंत्राने मोठा केलेला फोटो आणि मूळ लहान फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाहा. डोळ्यांचा आकार, पापण्या, दात, कान, चष्म्याची काडी, तीळ, सुरकुत्या एकेक तपासा. दुसरी, ज्यांनी त्या व्यक्तीला सर्वांत जास्त काळ पाहिले त्यांना काही न सांगता तो फोटो दाखवा. अम्मी किंवा मोठ्या फुफी क्षणभर जरी थबकल्या तरी तो फोटो छापू नका. तिसरी, लॅबवाल्याला 'चेहरा सुधारणा' बंद ठेवायला सांगा, किंवा यंत्राचा फोटो मूळ फोटोवर अर्धापाऊण पारदर्शक ठेवून मिसळायला सांगा. थोडा धूसर पण खरा चेहरा चालेल. चौथी, मूळ फाइल कधीही पुसू नका आणि सुधारलेल्या फोटोच्या मागे 'संगणकाने सुधारलेला' असे लिहा.

आणखी एक सावधगिरी. अनेक मोफत ॲप फोटो त्यांच्या सर्व्हरवर पाठवतात आणि काम तिथे होते. घरातील महिलांचे, मुलांचे फोटो अनोळखी ठिकाणी जाऊ नयेत असे वाटत असेल, तर इंटरनेटशिवाय आपल्याच संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर वापरावे, किंवा ओळखीच्या लॅबमध्ये समोर बसून काम करून घ्यावे.

जिथे अंदाज चालतच नाही

चेहऱ्यात अंदाज किती चालवून घ्यायचा हे घराने ठरवावे. पण दोन गोष्टी अशा आहेत जिथे एकाही ठिपक्याचा अंदाज चालत नाही: आयती आणि कागदपत्रे.

नवीन घर झाले की दिवाणखान्यात आयतुल कुर्सी किंवा चारों कुल लावायची हौस असते. इंटरनेटवरून एखादे सुरेख चित्र उतरवले जाते आणि दुकानात तीन फुटी ॲक्रिलिकवर किंवा कॅनव्हासवर छापायला दिले जाते. चित्र लहान असते. दुकानदार ते यंत्राने मोठे करतो. त्याला बहुधा अरबी वाचता येत नाही. यंत्राला तर नाहीच.

अरबी लिपीत बे, ते आणि से यांचा मुख्य आकार एकच, फरक नुक्त्यांचा. जीम, हे आणि खे यांचेही तसेच. हे ला नुक्ता नाही, जीमला खाली, खे ला वर. आता 'रहीम' आणि 'रजीम' हे दोन शब्द पाहा. पहिला अल्लाहचे नाव आहे, अत्यंत दयाळू. दुसरा धुत्कारलेल्या सैतानासाठी येतो. लिहिताना या दोघांत फरक एका नुक्त्याचा. लहान चित्रात असा नुक्ता जेमतेम तीन-चार ठिपक्यांचा असतो. यंत्र त्याला धुळीचा कण समजून पुसू शकते, किंवा खरोखरच्या धुळीच्या कणाला नुक्ता करू शकते. जेर-जबर, तश्दीद यांचे तर विचारायलाच नको. आणि चुकीची छापली गेलेली आयत रद्दीतही टाकता येत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. अक्षरांचे चित्र मोठे करायचेच नाही. अक्षरेच मोठी करायची. संगणकातील फॉन्ट ठिपक्यांनी नव्हे, रेषा आणि वळणांच्या गणिताने साठवलेला असतो. याला व्हेक्टर म्हणतात. तो नखाएवढा छापा किंवा मशिदीच्या भिंतीएवढा, कडा तितकीच धारदार राहते. १९८४ साली सुरू झालेल्या मदीनेच्या किंग फहद कुराण मुद्रण संकुलाने संगणकासाठी असे अक्षरसंच उपलब्ध करून दिले आहेत. त्यांचे वळण आपल्याकडे वाचल्या जाणाऱ्या मुसहफपेक्षा थोडे वेगळे असते, एवढे ध्यानात ठेवावे. दुकानदाराला "जेपेग नको, कोरलड्रॉची किंवा व्हेक्टर पीडीएफ फाइल हवी," असे सांगितले की त्याला समजते. मग छापण्याआधी नमुना एखाद्या हाफिज किंवा आलिमसाहेबांना दाखवून मुसहफशी अक्षर न् अक्षर ताडून घ्यावा. लग्नपत्रिकेवरच्या बिस्मिल्लाहसाठीही हेच.

कागदपत्रांबाबत २०१३ ची एक घटना बोलकी आहे. झेरॉक्स हे नाव आपल्याकडे कागदाच्या हुबेहूब नकलेचे दुसरे नाव आहे. त्याच कंपनीच्या काही यंत्रांवर जर्मनीचे संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिसेल यांना एक विचित्र दोष सापडला. घराच्या नकाशावर तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. स्कॅन केलेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. फाइल लहान करण्यासाठी यंत्र एकसारखे वाटणारे आकार एकच समजून छापत होते. कागद स्वच्छ होता, आकडा स्पष्ट होता आणि चुकीचा होता. धूसर आकडा पाहून माणूस शंका घेतो. स्वच्छ आकड्यावर शंका कोण घेणार?

ही गोष्ट फोटो मोठा करण्याची नव्हती, पण धोका तोच आहे. म्हणून निकाहनामा, मेहरची रक्कम, जुने खरेदीखत, फेरफार, जन्माचा दाखला यांच्या मोबाइलवरील धूसर प्रती एआयने 'साफ' करू नयेत. मूळ कागद शोधून इंचाला ६०० ठिपक्यांनी रंगीत स्कॅन करावा आणि तो टिफ किंवा पीएनजी स्वरूपात ठेवावा. मूळ कागद नसेलच तर धूसर प्रत धूसरच राहू द्यावी आणि संबंधित कार्यालयातून प्रमाणित नक्कल मागावी. न वाचता येणारा आकडा हा निदान खोटा आकडा नसतो.

लॅबमध्ये जाताना

फाइल पेन ड्राइव्हवर न्या, व्हॉट्सॲपने पाठवू नका. नाहीतर मूळ फाइल शोधण्याचे सारे श्रम दाराशीच वाया जातील. फ्रेमचा आकार आधी ठरवा. मोबाइलचे बहुतेक फोटो ४:३ या प्रमाणात असतात, तर ४×६ आणि १२×१८ हे आकार ३:२ चे. त्यामुळे कडांचा थोडा भाग कापला जातो. टोपी किंवा हात कापला जात नाही ना, ते पाहा.

कामाचा क्रम असा असावा: आधी कापणे, मग डाग आणि चौकोन हलके करणे, मग मोठा करणे, आणि कडा धारदार करणे सर्वांत शेवटी. कडा आधीच धारदार केल्या तर फोटोबरोबर डागही धारदार होऊन मोठे होतात. फोटो प्रत्येक बाजूने दुप्पट करण्यापर्यंत सहसा निभते. चौपट म्हटले की अंदाजाचे राज्य सुरू होते. मोठी प्रत काढण्याआधी चेहऱ्याचा भाग प्रत्यक्ष आकारात ४×६ च्या कागदावर छापून पाहा. या लहान प्रिंटला फार खर्च येत नाही आणि मोठ्या फ्रेमचा पैसा वाचतो. ती प्रत हातात धरून नव्हे, जिथे फ्रेम लागणार त्या भिंतीवर टेकवून, नेहमी जिथे बसता तिथून पाहा.

आणि हे सारे कमी करावे लागावे म्हणून आजच थोडे करून ठेवावे. घरात वडीलधारी माणसे आहेत तोवर, त्यांची हरकत नसेल तर, दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ बसवून त्यांचा एक नीट फोटो काढा. मूळ फाइल संगणकावर आणि एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर, दोन घरांत ठेवा. फाइलला नाव आणि तारीख द्या. गल्फमधल्या भावाला ती पाठवायची असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.